राणी कलरचं लुगडं

माझं काम काय ते कळलं की लोकांचा आवाज आपोआप खाली येतो. "अरेरे, रोज रोज तेच बघायचं म्हणजे..." असं म्हणून ते माझ्याकडे असं बघतात, जणू मीच आजारी आहे. मी नर्स आहे. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही त्यांच्या घरी जायचं, दुखणं आटोक्यात ठेवायचं, जखमा बांधायच्या, घरच्यांना काय करायचं ते शिकवायचं, हे आमच्या संस्थेचं काम. संस्था साताऱ्यात आणि माझं घर सांगलीत, त्यामुळे माझे शनिवार-रविवार एसटीत जातात. आता खरं सांगते, या नोकरीत माझं वजन वाढलं. कुठल्याही घरातून काही खाल्ल्याशिवाय सुटका होत नाही. आणि जितकी मी या घरांमध्ये हसले आहे तितकी माझ्या स्वतःच्या घरातसुद्धा हसले नसेन, पण हे कुणाला पटत नाही म्हणून मी सांगायचं सोडून दिलं आहे.

माझा एक दोष आहे. मी तापट आहे. विशेषतः खोटं बोलणाऱ्यांवर माझं डोकं फिरतं, आणि आमच्या कामात तर घरोघरी खोटं बोलतात, तेही मायेपोटी. आक्कांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या सुनेनं मला फाटकातच गाठलं. गाव कोरेगावच्या बाजूचं, भोवती सगळा ऊस. सून हलक्या आवाजात म्हणाली, "सिस्टर, आत्यांना काय सांगू नका हं. त्यांना आम्ही अल्सर म्हणून सांगितलंय."

अल्सर कसला, लिव्हरचा कॅन्सर होता. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यानं "आता घरीच ठेवा" म्हणून पाठवून दिलं होतं. मी आत गेले. खाटेवर एवढीशी सावळी म्हातारी बसलेली, कपाळ मोकळं, अंगावर राखाडी नऊवारी लुगडं. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिनं मला नीट न्याहाळलं, सुनेला चहा करायला पिटाळलं आणि ती दाराआड गेल्याची खात्री करून माझ्या कानाशी आली.

"शिस्टर, मला काय झालंय ते ह्या पोरांना ठावं न्हाई," आक्का म्हणाल्या. "त्येंना काय सांगू नगासा. घाबरत्यात."

मला इतकं हसू फुटलं की ब्लड प्रेशरचा पट्टा हातातून पडला. चिडायला निघालेली मी तिथंच विरघळले. पुढच्या एक-दोन भेटींत मी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं आणि तो अल्सर एकदाचा बरा केला. मुलगा रडला, सून रडली, आणि आक्का दोघांची समजूत काढत बसल्या.

मॉर्फिनच्या गोळ्या लागू पडल्या. दुखणं आवाक्यात आलं तशा आक्का बोलायला लागल्या, आणि एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबवायची गोळी आमच्याकडे नव्हती. एका भेटीत त्या म्हणाल्या, "माजं येक काम करशील का? कवठे महांकाळला माजा भाऊ हाय. त्येला फोन लाव. म्हणावं, माजं शेवटचं लुगडं आत्ताच आण."

सुनेच्या हातातली परात खाली टेकली.

आमच्याकडे बाई कितीही वर्षं सासरी नांदलेली असो, ती गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं वस्त्र माहेराहून येतं. ते भाऊ आणतो. भाऊ पोहोचेपर्यंत तिला हलवत नाहीत, लोक खोळंबून बसतात. आक्कांना ते वस्त्र जिवंतपणी हवं होतं.

"आगं, जन्मभर त्येनं दिलेलं मी नेसून दावलं," त्या मला समजावत होत्या. "हे येकच आसं हाय की त्यो आणणार, सगळा गाव बगणार, आन् मला तेवढं दिसणार न्हाई. ही कुठली रीत? मला ते नेसायचंय. त्येच्यासमोर नेसायचंय. तेवढं झालं की माजं काय म्हणणं न्हाई."

मी मनातल्या मनात हिशोब केला. पोटात पाणी भरत होतं, पाय सुजत होते. अजून त्या खुर्चीवर बसत होत्या, धरून उभ्या राहत होत्या. पण हे फार दिवस चालणार नव्हतं, आणि नऊवारी नेसायला उभं राहावंच लागतं. मी फोन लावला.

भाऊ म्हणजे घरातल्यांचे मामा. मिलिटरीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, आता द्राक्षाची बाग आणि बेदाणा करणारे. मी निरोप सांगितला. पलीकडे एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला आणि फोन कट झाला. थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. "शिस्टर, तिला म्हणावं आसलं वंगाळ बोलू नगंस. ती बरी हुणार हाय. मी लुगडं आणलं म्हंजी मीच तिला धाडल्यागत हुतंय."

"मामा," मी म्हटलं, आणि माझा आवाज चढला होता हे मला कळत होतं, "तुम्ही आणा नाहीतर नका आणू, आक्का जाणार आहेत. फरक एवढाच, की आणलंत तर त्यांना नेसायला मिळेल. आणि लवकर आणा. पुढच्या महिन्यात त्या उभ्या राहतील असं मी सांगू शकत नाही."

ते "बरं" म्हणाले. एवढंच.

पुढच्या आठवड्यात ते आले, आणि नशिबानं मी त्या दिवशी तिथंच होते. मला वाटलं होतं, एखादी पिशवी घेऊन एसटीनं येतील. हवालदारसाहेब जीप करून आले, भावकीतली चार-पाच पांढऱ्या टोपीची माणसं घेऊन. सगळ्यांच्या खांद्यावर टॉवेल. मामांच्या मांडीवर कापडाची घडी, डोळे लालभडक.

"एवढी माणसं कशाला आणलीत?" मी विचारलं.

"आसलं लुगडं येकट्यानं आणत न्हाईत, शिस्टर. रीत हाय."

रीत होतीच, पण ती सगळ्या गावाला ठाऊक होती. स्टँडवर टपरीपाशी बसलेल्यांनी एमएच-दहाची, म्हणजे आक्कांच्या माहेरकडची जीप पाहिली, आतल्या टोप्या पाहिल्या, मामांचे डोळे पाहिले. कुणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाहुण्यांचा चहा होतो न होतो तोच माणसं यायला लागली. उसाचं पाणी बंद करून आलेले, चिखलाच्या पायांनी आलेले, दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून आलेले. कुणीतरी लगेच आक्कांचा हार घातलेला फोटो स्टेटसला लावला. आणि सगळ्यांच्या पुढे, पदर तोंडाला लावून, गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडत आल्या धाकट्या काकी. या आक्कांच्या जाऊबाई, शेजारच्या घरात राहणाऱ्या, त्यांचेही मालक गेलेले.

"आक्का गंऽऽ, मला न सांगता कशी गं गेलीस!"

"कुठं गेली?" आक्का ओसरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बशीतला चहा पीत होत्या. "हितंच हाय की. बस."

काकींचा हंबरडा अर्ध्यात अडकला. मागचे लोक पुढच्यांवर आदळले. मग मात्र जो हशा पिकला, तो मी अजून विसरलेले नाही. काकी एकट्याच हसत नव्हत्या. त्या खाली बसल्या आणि आक्कांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून खरोखरच्या रडल्या.

पण मातीला आलेला माणूस लगेच उठून परत जाईल कसा? सगळे बसले. आक्कांनी एकेकाला नावानं हाक मारून चौकशी केली. ज्यांच्याशी बोलणं नव्हतं तेही आले होते, त्यांची तर जास्तच केली. तासाभरानं शेजारणी टोपल्या घेऊन हजर झाल्या. ज्या घरात माणूस गेलं तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारच्यांनी कडू घास घेऊन जायचा असतो. बातमी कानावर पडल्या पडल्या त्यांनी पिठलं-भाकरी करायला घेतली होती, आणि केलेलं अन्न टाकायचं कसं? मग काय, ओसरीत पंगत बसली. आक्कांनी स्वतःचा कडू घास स्वतः खाल्ला. चार घासच, पण खाल्ला, आणि पिठल्यात मीठ कमी आहे म्हणाल्या.

"त्यो मोबाईलमधला फोटू काढू का, आक्का?" एकानं ओशाळून विचारलं.

"फोटू राहू दे रं. पण दुसरा लाव. ह्यात माजं डोळं मिटल्यात."

जेवणं झाली आणि मामांनी घडी आक्कांच्या मांडीवर ठेवली. आक्कांनी कागद बाजूला केला. पांढरं लुगडं, बोटभर फिकट काठ. कापड चांगलं होतं. विधवा बहिणीला जसं आणतात तसं अगदी रीतसर. आक्कांनी त्यावरून हात फिरवला, काठ उलटून पाहिला आणि घडी परत मामांच्या हातात दिली.

"मला हे नगं. बदलून आण. मला राणी कलर पायजे."

आधी कुणालाच कळेना की थट्टा चालली आहे की खरंच. काकींनी तोंडावर हात ठेवला. "आक्का, आगं, शोभतंय व्हय आपल्याला? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता जेवून बसल्यात. काय म्हणत न्हाईत," आक्का म्हणाल्या आणि भावाकडे वळल्या. "हे गेल्यापास्नं तू मला ढगाच्या रंगाची लुगडी आणतुयास. दर भाऊबीजेला ढग. येकदा तरी इचारलंस का, आक्का, तुला कुठला रंग पायजे?"

मामांचा चेहरा पाहवेना. "मला वाटलं, तुला आता तसलंच..."

"तुला वाटलं. मला कवा वाटलं हुतं?"

आवाजात राग नव्हता. पण इतकी वर्षं कुणाला न सांगितलेली गोष्ट एकदम ओसरीत येऊन पडली होती, आणि प्रत्येक जण आपापल्या चपला बघत होता. आत्ताच्या पोरी नवरा गेल्यावरही हवा तो रंग नेसतात. आक्कांच्या पिढीत ते नव्हतं, आणि तसं हवं आहे हे म्हणायचीही सोय नव्हती. मला त्या म्हातारीचा असा अभिमान वाटला की मी उठून तिचा गालगुच्चा घेतला.

त्या शनिवारी मी सांगलीत होते. मामांचा फोन आला, "शिस्टर, तेवढं दुकानात येता का? मला त्यो रंग म्हाईत न्हाई." हवालदारांनी बर्फात पहारे केले होते, पण राणी कलर कसा असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी गेले. पेठेतलं जुनं कापडदुकान, गादीवर बसलेले जैन शेटजी. मामांनी पांढरं लुगडं पुढे ठेवलं आणि बदलून मागितलं.

शेटजींनी ओळखलं. "पावणं, हे तुम्ही मयताचं म्हणून नेलं होतं ना?"

"व्हय."

"मग बदलायचं कशाला?"

"रंग पसंत न्हाई."

"कुणाला पसंत नाही?"

"जिच्यासाठी नेलं तिला."

शेटजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आमच्या आजोबांपासून हे दुकान आहे," ते सावकाश म्हणाले. "या मालाची तक्रार घेऊन आजवर कुणी आलं नाही."

मी जी हसायला लागले ती थांबेना. मामांनी माझ्याकडे रागानं पाहिलं आणि मग तेही हसले. मी तिथं त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मयताचं कापड दुकानात परत घेत नाहीत, ते शेटजींनी घेतलं नाहीच. पण गोष्ट ऐकल्यावर त्यांनी नोकराला वरच्या कपाटातली इरकली काढायला लावली, आणि सुनेला व्हिडिओ कॉल लावून मी फोन आक्कांच्या समोर धरायला सांगितला.

मग दुकानात नुसता गोंधळ. आक्का पलीकडून ओरडत होत्या, "हे न्हवं, ही वांगी झाली. त्येच्या खालचं दाव." फोनमध्ये रंग वेगळा दिसायचा, म्हणून आम्ही फोन उजेडात न्यायचो, मग आक्कांना फक्त रस्ता दिसायचा. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी आपलं काम सोडून आमच्यात सामील झाली. नवरीची आई म्हणे काठ हिरवा घ्या, नवरीची आत्या म्हणे सोनेरीच बरा. आक्का म्हणाल्या, "त्या हिरव्यावालीला गप कर."

आणि मध्येच फोनमध्ये घराचं छत दिसायला लागलं. मग सुनेचा आवाज आला. "सिस्टर, आत्या झोपल्या. बोलता बोलताच झोपल्या. दोन दिवस असंच होतंय."

माझं हसू उतरलं. लिव्हरच्या आजाऱ्याची ही झोप मला ओळखीची होती. ती वाढत जाते, आणि एकदा माणूस त्यात गेला की पुष्कळदा परत येत नाही. मी मामांना बाजूला घेतलं. "मामा, आजच निघायला हवं. आत्ता."

मामा गादीकडे परत गेले. समोर चार राणी कलरची लुगडी पडली होती आणि विचारायला आक्का नव्हत्या. मग म्हणाले, "शेटजी, ह्यातलं सगळ्यात भडक कुठलं?"

शेटजींनी एक पुढे सरकवलं. राणी कलर असा, की बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत. काठ चार बोटं रुंद, पिवळाधमक.

आम्ही पोहोचलो तेव्हा आक्का गाढ झोपेत होत्या. हाक मारली तर डोळे उघडायच्या, मला "आई" म्हणायच्या आणि परत मिटायच्या. मामा खाटेशेजारी जमिनीवर बसले, लुगडं मांडीवर. काकी उशाशी होत्या. मी सुनेला एकच प्रश्न विचारला, पोट कधी साफ झालं होतं? ती आठवायला लागली, आणि तिला आठवेना, तिथंच मला उत्तर मिळालं. आमच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही तेच म्हटलं. लिव्हर काम करेनासं झालं की पोट साफ होणं फार गरजेचं असतं, नाहीतर ती घाण डोक्यात चढते. मी एनिमा दिला, सिरप सुरू केलं. आता याचं वर्णन करत नाही, पण आक्कांच्या आयुष्यातली ती अत्यंत मोलाची दुपार होती.

तरी मला खात्री नव्हती. मी मामांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मी बसतो." आणि बसले. मी त्या रात्री कोरेगावात मैत्रिणीकडे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर ओसरीतूनच आवाज ऐकू आला. "आणलंस व्हय रं? मग मांडीवर काय घेऊन बसलाईस, अंडी उबवतुयास का?"

मी दारात उभी राहून रडले. नोकरीत असं रडायचं नसतं, पण मी रडले आणि मला बरं वाटलं.

आक्कांना गोळी दिली आणि ती लागू पडेपर्यंत अर्धा तास थांबलो. नेसवायचं कुणी? सुनेला नऊवारी नेसवता येत नव्हतं, मला तर नाहीच. काकी उठल्या. "सरा बाजूला," म्हणाल्या. "आत्ताच्या पोरींना कासोटा घालता येतोय व्हय?" शोभत नाही म्हणणाऱ्या काकींनीच आक्कांना उभं केलं. मी आणि सुनेनं दोन्हीकडून धरलं. पोट सुजलेलं, म्हणून काकींनी निऱ्या सैल खोचल्या, कासोटा हलक्या हातानं घातला. शेवटी पदर सारखा करताना त्या पिवळ्या काठावर त्यांचा हात जरा जास्तच रेंगाळला. आक्कांनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

खुर्ची अंगणात ठेवली आणि आक्कांना बसवलं. एवढीशी बाई, पण अंगणात दुसरं काही दिसेनाच. मामा समोर उभे होते, अटेन्शनमध्ये उभे राहिल्यासारखे.

"कशी दिसतीया?" आक्कांनी विचारलं.

मामा खाली बसले, बहिणीचे सुजलेले पाय हातात घेतले आणि म्हणाले, "आक्का, लय उशीर केला गं मी."

"कुठला उशीर? आजून ऊन हाय," आक्का म्हणाल्या. "ऊठ. फोटू काढ. आन् त्यो डोळं मिटल्याला काढून ह्यो लावा म्हणावं."

त्यानंतर आक्कांनी ते लुगडं सोडलंच नाही. बसता येत होतं तोवर नेसल्या, आणि बसता येईना तेव्हा पायांवर पांघरून घेतलं. कुणी भेटायला आलं की आधी काठ दाखवायचा, मग तब्येत. एका भेटीत त्यांनी सुनेला आणि मला जवळ बोलावलं.

"मी गेल्यावर हे माज्यावर घालू नगासा. आगं, येवढं चांगलं लुगडं जाळायला आणलंय व्हय? ते पांढरं हाय की पेटीत. दुकानदार परत घेत न्हाई न्हवं? मग लागू दे कारणी." आणि मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "हे धाकटीला द्या. ती न्हाई म्हणंल. तरीबी द्या."

आक्का एका सकाळी गेल्या. दुखत नव्हतं, श्वासाची घरघर नव्हती. सून चमच्यानं पाणी पाजत होती, काकींनी हात धरला होता, आणि पुढचा श्वास आलाच नाही. आमच्या कामात यापेक्षा जास्त आम्ही काही मागत नाही. गावात बातमी गेली तर लोक आधी फोन करून विचारत होते, "ह्या टायमाला खरंच का?" कवठे महांकाळची जीप पुन्हा आली, टोप्या पुन्हा आल्या. मामा मात्र दारातच थांबले. या वेळी त्यांच्याकडे आणण्यासारखं काहीच नव्हतं, आणि हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. मी जाऊन ते हात धरले. बायकांनी पेटीतलं पांढरं लुगडं काढलं. सगळं झाल्यावर शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन आल्या, आणि पंगतीत कुणीतरी म्हणालं, या वेळी मीठ बरोबर आहे. लोक रडता रडता हसले.

माणूस गेल्यावरही आम्ही त्या घरी जातो. दिवाळीच्या आधी मी गेले होते. घरात दुःखाची दिवाळी, फराळ भावकीकडून आलेला. सुनेनं मला करंज्या वाढल्या. काकी शेजारी बसल्या होत्या, अंगावर तेच जुनं राखाडी लुगडं. राणी कलरचं त्यांना दिलं होतं, त्यांनी नाही म्हटलं होतं, तरी दिलं होतं, आणि आता ते त्यांच्या पेटीत तळाशी होतं. "येकदा नेसून बघितलं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दार लावून."

तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर मामा, मागे शेटजींची गादी.

"काकी हायत का तितं?" मामांनी विचारलं. "भाऊबीजेला येतोय मी. आता मला तरी कोण हाय? तुमी ओवाळशीला न्हवं?"

काकींनी घाईनं पदर कपाळापर्यंत ओढला. "या की. पण कापडाबिपडाचा खर्च नगा करू."

"कापड आणणारच. कुठला रंग पायजे?"

"कुठलाबी चालंल," काकी पुटपुटल्या.

"कुठलाबी न्हाई चालत," मामा म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता, पण ते हटले नाहीत. "मला आता वाटून घ्यायचं न्हाई. तुमी सांगा, काकी. कुठला रंग?"

करंजी माझ्या हातातच राहिली. पलीकडे मामा आणि शेटजी दोघंही वाट बघत होते. काकींनी एकदा दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून.

"पोपटी," त्या म्हणाल्या.

शेटजी कपाटाकडे वळले. काकींनी फोन सुनेच्या हातातून आपल्या हातात घेतला, तोंडाजवळ आणला आणि जरा मोठ्यानं म्हणाल्या, "आन् काठ रुंद असू दे. आक्कांच्यापरास रुंद."